पाळी थांबते, रात्रपाळी थांबत नाही

मराठीत ‘पाळी’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत. एक स्त्रीच्या मासिक धर्माचा, दुसरा कामाच्या ठरलेल्या वेळेचा. रुग्णालयात नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ पंचवीस-तीस वर्षे शेजारी शेजारी नांदतात. पंचेचाळिशीनंतर केव्हातरी पहिली पाळी अनियमित होऊ लागते आणि पुढे थांबते. दुसरी मात्र राज्य शासनाच्या सेवेत वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत वेळापत्रकाबरहुकूम चालू राहते. या दोहोंच्या मधल्या दहा-अकरा वर्षांत त्या स्त्रीच्या शरीरात काय घडते आणि त्याचा तिच्या कामाशी काय संबंध, हा विषय घरात बोलला जात नाही आणि कार्यालयात तर नाहीच. यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत तो बोलण्याची वेळ आता आलेली आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे.

यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा विस्तीर्ण जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांहून अधिक. एका टोकाला पैनगंगेकाठचे उमरखेड, दुसऱ्या टोकाला वणीचा कोळसा पट्टा, मध्ये कापसाची काळी जमीन, आणि केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांत डोंगराच्या कुशीत वसलेले कोलामांचे पोड. जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ साली सुरू झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. त्याखाली उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये, मग प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्याखाली उपकेंद्रे आणि सर्वांत शेवटी गावातली आशाताई. सरकारी निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असावी. वॉर्डातील अधिपरिचारिका, उपकेंद्रातील आरोग्यसेविका ऊर्फ नर्सबाई, गटप्रवर्तक, आशा, अंगणवाडी सेविका, प्रसूतिगृहातील आया अशी ही उतरंड पाहिली, तर जिल्ह्याचे आरोग्य बहुतांशी स्त्रियांच्या हातांवर तोललेले दिसते.

यात आशाताईंची गोष्ट वेगळी नोंदवण्यासारखी आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत गावोगाव आशांची निवड झाली. निवडीची अट अशी होती की ती त्याच गावची रहिवासी असावी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी आणि वय साधारण पंचवीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान असावे. त्या पहिल्या भरतीच्या काळात तिशीत असलेली स्त्री आज पन्नाशीच्या आसपास पोहोचलेली आहे. भारतीय स्त्रीच्या रजोनिवृत्तीचे सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या जवळपास धरले जाते. पाश्चात्त्य देशांत ते एकावन्नच्या आसपास आहे. म्हणजे एकाच सुमारास उभा राहिलेला हा संपूर्ण वर्ग आता एकाच सुमारास आयुष्याच्या या वळणावर येतो आहे. व्यापारी भाषेत सांगायचे, तर एकाच मितीला लिहिलेल्या मुदती हुंड्या एकाच आठवड्यात देय व्हाव्यात, तसा हा प्रकार आहे. सावध पेढी अशा आठवड्याची तरतूद आधी करून ठेवते. आरोग्य खात्याच्या वहीत ही तरतूद दिसत नाही.

रजोनिवृत्ती म्हणजे सलग बारा महिने पाळी न येणे. व्याख्या सोपी आहे, पण त्रासाचा काळ बहुधा त्या बारा महिन्यांच्या बराच आधी सुरू होतो. बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कधी वाढते, कधी घटते, आणि शेवटी खालच्या पातळीवर स्थिरावते. मेंदूतील ज्या केंद्राकडे शरीराचे तापमान राखण्याचे काम असते, ते या चढउतारांमुळे अतिसंवेदनशील होते. एरवी किंचित उकाड्याची दखलही न घेणारे शरीर जणू भट्टीजवळ उभे असल्यासारखे वागू लागते. छाती, मान, चेहरा तापतो, घाम फुटतो, हृदय धडधडते, आणि काही मिनिटांनी अंगावर काटा येऊन थंडी वाजते. आपल्याकडच्या स्त्रिया याला ‘अंगातून वाफा निघतात’ असे म्हणतात आणि हे वर्णन कोणत्याही वैद्यकीय संज्ञेपेक्षा नेमके आहे. हाच प्रकार रात्री झाला की झोप मोडते. याखेरीज सांधेदुखी, लघवीची घाई, योनीमार्गाचा कोरडेपणा, चिडचिड, उदासी, ऐन वेळी शब्द न आठवणे हे सारे कमीअधिक प्रमाणात संभवते. पाळी जाण्यापूर्वीच्या काही वर्षांत रक्तस्राव अतोनात होतो, तेव्हा आधीच निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी असलेल्या या राज्यात थकवा किती येत असेल, ते वेगळे सांगायला नको. सगळ्यांनाच सगळे होते असे मुळीच नाही. काही जणींची पाळी कळत-नकळत जाते. परंतु अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या एका प्रसिद्ध पाहणीत ज्यांना या वाफा वारंवार येत होत्या, त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांना त्या सात वर्षांहून अधिक काळ येत राहिल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ‘दोन-चार महिन्यांचा त्रास, सहन करावा’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला त्यामुळे हिशेबाला उतरत नाही.

वैशाखातले ऊन आणि आतली वाफ

ज्या संशोधनातून हे ज्ञान आले, त्यातले बरेचसे थंड देशांतले आहे. तेथील स्त्रीला वाफ आली तर ती खिडकी उघडते, कोट काढते. यवतमाळात एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. खिडकी उघडावी तर बाहेरची झळ आत येते. उष्णता, गरम चहा, घट्ट आणि कृत्रिम धाग्याचे कपडे, पुरती न झालेली झोप ही सर्व वाफा वाढवणारी कारणे मानली जातात, आणि उन्हाळ्यात लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईच्या वाट्याला ही सर्व एकत्र येतात. सकाळी लसींची पेटी घेऊन निघायचे, शाळेच्या व्हरांड्यात किंवा अंगणवाडीच्या खोलीत बसायचे, वीज असली तर पंखा, नसली तर नोंदवहीचा पुठ्ठा. रडणाऱ्या बाळाच्या मांडीत सुई टोचताना हात स्थिर हवा आणि नेमके त्याच क्षणी कपाळावरून घाम डोळ्यांत उतरतो.

आशाताईचे काम तर चालण्याचेच आहे. बाळंतीण रुग्णालयातून घरी आली की बेचाळीस दिवसांत तिच्या घरी सहा भेटी द्यायच्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचे वजन करायचे, तापमान बघायचे, आईला धोक्याची लक्षणे समजावायची. नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत सिद्ध झाली आणि मग देशाने स्वीकारली. २०११ साली ती योजना म्हणून लागू झाली, तेव्हा या सहाही भेटींचा मिळून मोबदला २५० रुपये ठरला होता. भेटीची तारीख बाळाच्या जन्मावरून ठरते. आशाताईच्या गुडघ्यांना किंवा तिच्या रक्तस्रावाला त्या तारखेत स्थान नाही. शिवाय वाटेत स्वच्छतागृह नसल्याने क्षेत्रात फिरणाऱ्या स्त्रिया पाणीच कमी पितात, ही बाब सर्वज्ञात आहे. तरुणपणी ते निभते. रजोनिवृत्तीच्या काळात मूत्रमार्गाचे अस्तर पातळ झालेले असते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि लघवी रोखून धरणे कठीण जाते. तिच्यासमोर दोनच वाटा उरतात: तहान मारायची, किंवा ओळखीच्या घराची वाट बघायची.

रुग्णालयातील प्रश्न निराळा. तेथे छप्पर आहे, पंखा आहे, पण रात्र आहे. बहुतेक सरकारी वॉर्डांत रात्रीची ड्यूटी बारा तासांची असते. ज्या स्त्रीची घरच्या पलंगावरही झोप दोनदा-तीनदा मोडते, तिला रात्रपाळीनंतर दिवसा, घरात भांड्यांचे आणि दारावरच्या बेलचे आवाज चालू असताना झोपायला सांगणे म्हणजे थट्टाच. आठवड्याची झोप अशी साठत-थकत जाते. बुडीत कर्जाप्रमाणे तिच्यावर व्याज चढते.

या वयाच्या परिचारिकेला रात्रपाळीतून सरळ मोकळे करावे, असे कोणी म्हणेल. ते इतके सोपे नाही, कारण रात्री तिचीच गरज सर्वाधिक असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या आठवड्यांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील वॉर्ड भरून वाहत होते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषबाधेत अॅट्रोपिन द्यावे लागते आणि ते किती, हे रुग्णाकडे पाहून क्षणाक्षणाला ठरते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत की पसरू लागल्या, तोंडातली लाळ आटली का, छातीतली घरघर थांबली का, नाडी किती झाली. कमी पडले तर विष जिंकते, अधिक झाले तर रुग्ण भ्रमिष्टासारखा बरळू लागतो. हे सारे पुस्तकात आहे. परंतु पहाटे तीन वाजता, एका वेळी अनेक खाटांवर, ते ओळखण्यासाठी वीस वर्षे वॉर्डात घालवलेले डोळे लागतात. ते डोळे बहुधा पंचेचाळीस ते अठ्ठावन्न या वयोगटातील स्त्रीचेच असतात. याच वयात ती परिसेविका होते, नव्या मुलींना शिकवते. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी गेलेल्या परिचारिकेची अकरा वर्षांची सेवा शिल्लक असते, आणि संस्थेच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची अकरा वर्षे होत.

स्मरणशक्तीविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण याच मुद्द्यावरून वयस्कर परिचारिकांना हिणवले जाते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन पाहणीत रजोनिवृत्तीच्या ऐन संक्रमणकाळात नवे शिकण्याची गती किंचित मंदावलेली आढळली, परंतु तो काळ ओलांडल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणजे ही तात्पुरती अडचण आहे, ऱ्हास नव्हे. वॉर्डातील प्रमुख तरुण आणि पुरुष असेल, तर ही बाब त्याला कोणी तरी सांगायला हवी. ती स्वतः सांगणार नाही.

रकाना

ती का सांगणार नाही, याचे उत्तर तिच्या हातातल्या कागदांतच सापडते. आशाताई आणि नर्सबाई यांचे आयुष्य नोंदींत जाते. गरोदर स्त्रीची शेवटच्या पाळीची तारीख ही त्यांच्या कामाची पहिली नोंद. तिच्यावरून प्रसूतीची अपेक्षित तारीख निघते. गावातल्या प्रत्येक विवाहितेच्या पाळीचा हिशेब त्यांना ठाऊक असतो. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा जो अर्ज आशा भरते, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घराण्यातील आजार यांची विचारणा आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत: स्तनात गाठ, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव, आणि ‘रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होतो का?’ हा शेवटचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण ते कर्करोगाचे लक्षण असू शकते. मात्र रजोनिवृत्तीचा उल्लेख तेथे येतो तो एवढ्यापुरताच. झोप लागते का, वाफा येतात का, काम झेपते का, हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही. ज्या स्त्रीला हा अर्ज शेकडो वेळा भरावा लागतो, तिने आपला त्रास हा ‘विचारण्याजोगा’ नाही असा अर्थ काढला, तर तिला दोष कसा द्यावा?

स्त्रियांच्या मौनामागे केवढे ओझे दडलेले असते, हे विदर्भानेच जगाला दाखवले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच होत्या. तोवर स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. या अभ्यासाने ती समजूत मोडली. तरीही पाळी गेल्यानंतरची स्त्री त्या नव्या नकाशातही कडेलाच राहिली.

मौनाला दुसरी, अधिक महागडी वाट फुटते ती शस्त्रक्रियेची. रक्तस्राव अधिक होतो, काम बुडते, मग ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेले चित्र सर्वांच्या स्मरणात असेल: सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. मजुरी बुडू नये, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, वय तीस असो वा चाळीस. आणि ते राखले तरी ती काही वर्षे अलीकडे येण्याची शक्यता असते. आरोग्यसेवेत काम करणारी स्त्री यातून सुटलेली असते, असे मानण्याचे कारण नाही. तिला शस्त्रक्रियागृह जवळचे असते, डॉक्टर ओळखीचे असतात आणि रजेचा प्रश्न एकदाचा मिटतो. गर्भाशय काढणे काही वेळा अनिवार्य असते, हे खरे. पण कामावर हजर राहता यावे म्हणून अवयव काढणे, हा सौदा कोणत्याही व्यापाऱ्याला घाट्याचाच वाटेल.

डॉक्टर स्त्रियांची अवस्था याहून बरी असेल, असे वाटण्याचा संभव आहे. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, दारव्हा येथे खाली रुग्णालय आणि वर घर अशा इमारतीत वर्षानुवर्षे सेवा देणारी डॉक्टर दांपत्ये आहेत. आपल्या समाजातील लेकीसुनाही त्यांत आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेली सून पन्नाशीत आली तरी रात्री दोनला तिची घंटा वाजतेच. तिला वरिष्ठ नाही, म्हणून तक्रार करायला जागाही नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २०२० साली सुमारे दोन हजार डॉक्टरांच्या पाहणीवर आधारलेला अहवाल काढला. त्यातील शंभरात नव्वद डॉक्टरांनी रजोनिवृत्तीच्या लक्षणांचा आपल्या कामावर परिणाम झाल्याचे सांगितले, छत्तीस जणींनी कामाच्या स्वरूपात बदल केला होता, आणि वरिष्ठांशी या विषयावर बोललेल्या केवळ सोळा होत्या. या स्त्रिया वैद्यकशास्त्र शिकलेल्या, श्रीमंत देशातल्या, स्पष्ट बोलण्याबद्दल नावाजलेल्या समाजातल्या. त्यांचे हे, तर झरी-जामणीच्या आरोग्यसेविकेकडून कोणती अपेक्षा करायची?

उपचारांबाबतही भीती आणि अर्धवट माहिती यांचे राज्य आहे. संप्रेरकांच्या गोळ्यांनी कर्करोग होतो, हा समज २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीच्या बातमीनंतर जगभर पसरला. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे लोटलेली होती, ही गोष्ट बातमीच्या गदारोळात मागे पडली. आज तज्ज्ञांचे मत असे आहे की, साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचे विकार असा इतिहास नाही, अशा स्त्रियांना तीव्र त्रास असल्यास लाभ जोखमीपेक्षा बहुधा अधिक ठरतो. निर्णय अर्थातच तपासणीनंतर, डॉक्टरच्या देखरेखीखाली. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत, त्यांच्यासाठी इतर औषधे आहेत. योनीमार्गाच्या व मूत्रमार्गाच्या त्रासावर स्थानिक मलमे आहेत आणि ती फार परिणामकारक आहेत. आहारात दूध, तीळ, नाचणी, डाळी, आणि रोज थोडे वजन पेलणारा व्यायाम हाडांसाठी हवा. वर्षभर पाळी नसताना एक थेंब जरी रक्त दिसले, तर मात्र घरगुती उपाय न करता तपासणी करून घ्यावी. हे सर्व आरोग्यसेविकेला ठाऊक असते. स्वतःकरिता रांगेत उभे राहण्याची सवय तिला नसते.

मग करायचे काय? येथे शासनाकडे बोट दाखवून मोकळे होण्यात अर्थ नाही. विदर्भात धर्मादाय रुग्णालये, नेत्रशिबिरे, रक्तपेढ्या, औषधांची दुकाने चालवण्यात व्यापारी कुटुंबांचा वाटा मोठा आहे, आणि अशा संस्थांच्या विश्वस्त मंडळांत बसणाऱ्यांच्या हातात पुष्कळ काही आहे. गणवेश पॉलिएस्टरऐवजी सुती करणे, परिचारिकांच्या कक्षात एक कूलर आणि थंड पाण्याचा माठ, त्यांच्यासाठी वेगळे व जवळचे स्वच्छतागृह, सलग रात्रपाळ्या सहाऐवजी दोन किंवा तीन, आणि वेळापत्रक बनवणाऱ्या अधिसेविकेला ‘कारण न विचारता’ पाळी बदलून देण्याची मुभा. यातला कोणताही खर्च रुग्णालयाच्या ताळेबंदात नजरेला येण्याइतका नाही. एक अनुभवी परिचारिका सोडून गेली, तर तिच्या जागी आलेल्या मुलीला तयार करण्यात जी दोन-तीन वर्षे जातात, त्यांची किंमत मात्र कोणत्याच खात्यात लिहिली जात नाही. ती रुग्ण मोजतो. पैशाअभावी हे होत नाही, असे म्हणणे म्हणूनच पटत नाही. खरी अडचण संकोचाची आहे. विश्वस्तांच्या बैठकीत, जेथे बहुधा सगळे पुरुष असतात, ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारायचा, येथे घोडे अडते.

रजेचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. मातृत्व रजा २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची झाली. राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मिळते. मूल होण्याशी निगडित रजा आपल्या कायद्याला समजते. मूल होण्याचे वय सरल्यावरची समजत नाही. ब्रिटनमध्ये तेथील संसदेच्या समितीने जुलै २०२२ मध्ये रजोनिवृत्तीसाठी प्रायोगिक रजा देऊन पाहावी, अशी शिफारस केली होती. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ती फेटाळली. त्याच सुमारास तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने मात्र आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली होती, कारण तेथे तीनचतुर्थांश कर्मचारी स्त्रिया आहेत. वेगळी रजा दिली, तर मालक पन्नाशीच्या स्त्रियांना कामावर घेणारच नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. खाजगी रुग्णालयांच्या बाबतीत तो निव्वळ फेटाळण्याजोगा नाही. म्हणून प्रथम पाळ्यांची लवचीकता, वैद्यकीय रजेच्या अर्जावर या कारणाला मान्यता, आणि मग रजेचा विचार, हा क्रम अधिक व्यवहार्य वाटतो.

अधिपरिचारिकेला, आरोग्यसेविकेला ही चर्चा लागू पडते, कारण त्यांच्या नावावर रजेचे खाते तरी आहे. आशाताईच्या नावावर तेही नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपावर गेल्या. तिचे उत्पन्न केलेल्या कामांच्या मोबदल्यावर आणि मानधनावर अवलंबून आहे. ज्या दिवशी रक्तस्रावामुळे तिला घराबाहेर पडता येत नाही, त्या दिवसाच्या गृहभेटीचे पैसे तिला मिळत नाहीत आणि बाळाच्या वजनाची नोंद कोरी राहते. तिला रजा द्यायची, तर त्याआधी ती कर्मचारी आहे हे कागदावर यावे लागेल. आज वीस वर्षांनंतरही तेथे तिच्या नावापुढे ‘स्वयंसेविका’ असेच लिहिलेले आहे.